वाचणारे सहा, कोरे नऊ: अरबीच्या एका वर्गातल्या चुकलेल्या वाटणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मी शिकवलेल्या प्रौढांच्या एका अरबी वर्गाचं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून वय, पेशा अशा गोष्टी थोड्या बदलल्या आहेत. घटनांचा क्रम आणि माझ्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

वर्ग २४ आठवड्यांचा, आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास. एकूण ७२ तास. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट इंग्रजी भाषकांना कामापुरती अरबी यायला ८८ आठवडे, म्हणजे २२०० वर्गतास धरते. हा आकडा मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते, कारण माहितीपत्रकावर ‘अस्खलित’ असा शब्द असतो आणि तो मला विचारून छापलेला नसतो.

विद्यार्थी १५. मातृभाषा कोणाची मराठी, कोणाची उर्दू, दोघींची मल्याळम. प्रत्येकाचं कारण वेगळं. एका परिचारिकेला आखाती देशात नोकरी लागणार होती. इतिहासाच्या एका विद्यार्थ्याला जुने कागद वाचायचे होते. दोघं भाषांतराच्या कामासाठी आले होते. चार-पाच जणांना लहानपणापासून वाचत आलेलं कुराण समजून घ्यायचं होतं. त्यांतले एक साठीला टेकलेले गृहस्थ. संपूर्ण कुराण त्यांना पाठ. गेली कित्येक वर्षं ते मुलांना नाझरा, म्हणजे पाहून वाचणं, आणि तजवीद, म्हणजे उच्चारांचे नियम, शिकवत होते. वर्गात सगळे त्यांना हाफिजसाहेब म्हणत. मीही म्हणत असे.

पहिली वाटणी

पंधरा जणांना एकत्र बसवणं शक्य नव्हतं. काहींना अलिफही माहीत नव्हता, तर काही जण माझ्यापेक्षा सफाईने वाचत होते. म्हणून पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला दहा ओळी मोठ्याने वाचायला दिल्या आणि स्वतःचं नाव अरबी लिपीत लिहायला सांगितलं. ज्यांना जमलं ते सहा जण गट ‘अ’मध्ये, उरलेले नऊ ‘ब’मध्ये. ‘ब’ने पहिल्या धड्यापासून सुरुवात केली, ‘अ’ने थेट आठव्या धड्यापासून. हजेरीपत्रकावर मी ‘अ’पुढे ‘प्रगत’ आणि ‘ब’पुढे ‘नवशिके’ असं लिहिलं. हे दोन शब्द पुढे फार महाग पडले.

त्या दहा ओळींत प्रत्येक अक्षरावर फतहा, कसरा, दम्मा (आपल्याकडे ज्यांना जबर, जेर, पेश म्हणतात), म्हणजे ऱ्हस्व स्वरांची चिन्हं, छापलेले होते. त्या वेळी मला त्यात काही खटकलं नाही.

काय बिघडलं

तिसऱ्या आठवड्यात पहिली खूण दिसली होती. ‘अ’ गटाचा गृहपाठ विचित्र येत होता. काही उताऱ्यांचं भाषांतर बिनचूक, भाषाही जड आणि जुन्या वळणाची. बाकीच्या उताऱ्यांपुढे कोरी जागा. बिनचूक आलेले उतारे सगळे कुराणातले होते, म्हणजे त्यांची छापील भाषांतरं घरोघरी असतात. कोरे राहिलेले उतारे मी स्वतः लिहिलेले साधे संवाद होते: ‘तुझं घर कुठे आहे?’, ‘माझा भाऊ दवाखान्यात काम करतो.’ मला वाटलं, लोकांना वेळ मिळत नसेल.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात एक बातमी दिली. वाक्य होतं: दोन ‘सय्यारा’ एकमेकींवर आदळल्या. एका ताईंनी लिहून आणलं, ‘दोन काफिले एकमेकांना भिडले.’ वर्ग हसला, त्याही हसल्या. खरं तर त्या चुकल्या नव्हत्या. कुराणाच्या सूरह यूसुफ या अध्यायात विहिरीपाशी ‘सय्यारा’ येते ती काफिलाच असते. आजच्या अरबीत मात्र सय्यारा म्हणजे मोटार. ताईंना शब्द येत होता, पण ज्या एका जागी तो भेटला होता त्याच जागेचा अर्थ घेऊन येत होता. ही दुसरी खूण. तीही मी गंमत म्हणून सोडून दिली.

नवव्या आठवड्यात दोन्ही गटांना एकच कागद दिला. आठ वाक्यं, दोन्ही गटांनी शिकलेल्या शब्दांतली, पण स्वरचिन्हांशिवाय. वर्तमानपत्रं, कादंबऱ्या, दुकानांच्या पाट्या असतात तशी. ‘ब’मधल्या नऊपैकी सहा जणांना अर्ध्याहून जास्त वाक्यं लागली. ‘अ’मधल्या सहापैकी एकाला.

तीन अक्षरं

त्या दिवशी फळ्यावर काय घडलं ते सविस्तर सांगते, कारण माझा गोंधळ तिथे सुटला.

पहिलं वाक्य होतं ‘विद्यार्थ्याने धडा लिहिला.’ अरबीत क्रियापद आधी येतं, त्यामुळे सुरुवातीला तीनच अक्षरं: काफ, ता, बा. हाफिजसाहेबांनी क्षणाचाही विलंब न लावता वाचलं, “कुतिबा.” आवाज खणखणीत, मखरज, म्हणजे अक्षराचं उच्चारस्थान, निर्दोष. मी म्हटलं, “पुढे वाचा.” पुढे ‘विद्यार्थी’ आला आणि ते थांबले. परत मागे गेले. परत “कुतिबा.” मागच्या बाकावरून ‘ब’ गटातली एक मुलगी हळूच म्हणाली, “कतबा असेल ना मॅडम? कोणीतरी लिहिलं.”

‘कुतिबा’ म्हणजे ‘लिहिलं गेलं, विहित केलं गेलं.’ दुसऱ्या सूरेच्या १८३व्या आयतीत ‘कुतिबा अलैकुमुस्सियाम’ येतं, उपवास तुम्हांला विहित केले आहेत. हाफिजसाहेबांनी ते हजारदा म्हटलं असेल. तीन अक्षरं दिसताच जीभ तिकडे गेली.

अरबी लिपीत २८ अक्षरं, सगळी व्यंजनं. त्यांतली तीन दीर्घ स्वरांचंही काम करतात. ऱ्हस्व स्वर मात्र रोजच्या छपाईत गाळलेले असतात. काफ-ता-बा म्हणजे कतबा (लिहिलं), कुतिबा (लिहिलं गेलं), कत्तबा (लिहायला लावलं) किंवा कुतुब (पुस्तकं). देवनागरीत ऱ्हस्व इकार-उकार लिहायचेच नाहीत असं ठरवलं तर ‘गण’ की ‘गुण’, ‘कल’ की ‘कुल’, हे पुढचं वाक्य पाहिल्याशिवाय कळणार नाही, तसंच हे. स्वरचिन्हं असली की अर्थाचा पत्ता नसतानाही सुरेख वाचता येतं. ती काढली की आधी वाक्याची बांधणी ओळखावी लागते, मग उच्चार ठरतो. माझ्या पहिल्या दिवशीच्या चाचणीने तोंडाची तयारी मोजली आणि मी ती भाषेची तयारी समजले.

हाफिजसाहेब खाली बसले. तास संपेपर्यंत बोलले नाहीत. पुढचे दोन तास आले नाहीत.

समोर असलेले पर्याय

सोपा मार्ग ‘अ’ गटाचा वेग कमी करण्याचा होता. पण त्यांची अडचण वेगाची नव्हतीच. आठवा धडा हळू शिकवला म्हणून आधीच्या सात धड्यांतलं नाम, क्रियापद, लिंग, वचन आपोआप येत नाही.

दुसरा, त्यांना ‘ब’मध्ये पाठवून पहिल्या धड्यावर आणायचं. व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर. पण ज्या माणसाने शेकडो मुलांना अलिफ-बे शिकवलं, त्याला पुन्हा अलिफपाशी बसवायचं? आणि पहिले चार धडे खरोखरच लिपीचे होते. तो वेळ निव्वळ वाया गेला असता.

तिसऱ्या पर्यायाचा मोह सगळ्यांत जास्त होता: ‘अ’ गटाला फक्त कुराणाची अरबी शिकवायची. मजकूर ओळखीचा, आवड मुळातलीच, मानही राखला जाईल. तिघांनी स्वतःहून ही मागणी केली होती. पण त्याच गटात ती परिचारिकाही होती आणि भाषांतराला आलेला एक जणही. शिवाय मला वेगळीच शंका होती. पाठ असलेल्या मजकुरावर काम केलं तर खरंच अर्थ लागतोय की भाषांतर आठवतंय, हे त्यांना कळणार नाही आणि मलाही.

चौथी सूचना परिचारिकेची. “मॅडम, ही पुस्तकी भाषा सोडा, बोलायचं शिकवा. पेशंट असं थोडंच बोलणार आहेत?” तिचं म्हणणं खरं होतं. लिहायची अरबी एक आणि घरात-बाजारात बोलायची दुसरी. चार्ल्स फर्ग्युसनने १९५९च्या लेखात अशा दुहेरी व्यवस्थेला ‘डायग्लोसिया’ हे नाव रूढ केलं, तेव्हा त्याच्या चार उदाहरणांत अरबी होतीच. पण कैरोची बोली, दमास्कसची बोली आणि आखाताची बोली एकमेकींपासून लांब आहेत. मला थोडीफार इजिप्तची येते, खलीजी, म्हणजे आखाती, येत नाही. न येणारी बोली मी पुस्तकात पाहून शिकवली असती तर तिचं नुकसान झालं असतं. हे मी तिला स्पष्ट सांगितलं, आणि रेकॉर्डिंगं ऐकण्यापुरती मदत करीन असं कबूल केलं.

उरला पाचवा मार्ग: ‘प्रगत’ आणि ‘नवशिके’ ही वाटणी मोडायची, प्रत्येकाला काय येतं आणि काय नाही हे कौशल्यागणिक पुन्हा पाहायचं, आणि आठवड्यातल्या दोन तासिकांपैकी एक सगळ्यांची एकत्र घ्यायची. संस्थेच्या कार्यालयाला हे आवडलं नाही. प्रमाणपत्रावर पातळीसाठी एकच रकाना असतो, आणि दोन गटांसाठी दोन वेळा ठरलेल्या होत्या. वेळापत्रक जुळवायला दोन आठवडे गेले.

काय केलं

दहाव्या आठवड्यात मी नवी व्यवस्था वर्गात जाहीर केली. सगळ्यांसमोर. याबद्दल पुढे लिहिते.

एकत्र तासिकेत जोड्या लावल्या: एक वाचणारा, एक कोरा. ‘ब’ गटाला व्याकरण बरं येत होतं, पण उच्चारांची बोंब होती. ‘क़ल्ब’ (हृदय) म्हणायला जात आणि तोंडातून ‘कल्ब’ (कुत्रा) बाहेर पडे. माझ्या हृदयात तुझ्यासाठी जागा आहे, असं वाक्य एकाने मोठ्या भावनेने म्हटलं, त्याचं काय झालं ते सांगायला नको. घशातला काफ, जाड सॉद, अइन ही सगळी दुरुस्ती वाचणाऱ्यांकडे दिली. त्याच जोडीत वाक्याची उकल कोऱ्यांकडे. कर्ता कुठला, क्रियापद कुठल्या रूपात, शब्दाच्या शेवटी कर्त्याचा ‘उ’ का कर्माचा ‘अ’. कोणीच पूर्ण वेळ विद्यार्थी नाही आणि कोणीच पूर्ण वेळ गुरू नाही, अशी ही जुळणी होती.

दुसरा बदल मजकुरात. रोज पाच ओळी, स्वरचिन्हं काढलेल्या, नवा मजकूर. आधी प्रत्येकाने पेन्सिलने चिन्हं घालायची आणि प्रत्येक चिन्हाचं कारण सांगायचं. तोंडाने वाचायचं सगळ्यांत शेवटी. वाचणाऱ्यांना हे फार जड गेलं, एक जण म्हणाले, “जीभ धावते आणि तुम्ही लगाम खेचता.”

तिसरा बदल शब्दकोशाचा. अरबी कोश बहुधा धातूंच्या क्रमाने लावलेले असतात. हान्स वेअरचा कोशही तसाच. मूळ जर्मन १९५२चा आणि इंग्रजी आवृत्ती १९६१ची. ‘मक्तबा’ (ग्रंथालय) शोधायला म अक्षर उघडून उपयोग नाही, क-त-ब खाली जावं लागतं. म्हणजे शब्दातली मूळ अक्षरं कोणती आणि साचा कोणता हे ओळखल्याशिवाय कोश उघडताच येत नाही. त्या साच्याला अरबीत ‘वझ्न’ म्हणतात. आपलं वजन ते हेच.

हाफिजसाहेब अकराव्या आठवड्यात परत आले. कोपऱ्यात बसले.

‘तजवीद’चा दिवस

तेराव्या आठवड्यात दुसऱ्या रूपाच्या (‘कत्तबा’सारख्या, मधलं अक्षर दुहेरी असलेल्या) क्रियापदाचं भाववाचक नाम शिकवायचं होतं, साचा ‘तफईल’. नुसता साचा सांगितला की डोळ्यांवर झापड येते हे मला माहीत होतं. म्हणून विचारलं, “तुमच्या रोजच्या बोलण्यातले त-ने सुरू होणारे, असेच हेलकावे घेणारे शब्द सांगा.” मराठीवाल्यांनी फळा भरून टाकला: तपशील, तहसील, तालीम, तजवीज, तसबीर. तपशील म्हणजे ‘तफ्सील’, वेगवेगळं करून मांडणं. तहसील म्हणजे वसुली. तसबीर म्हणजे ‘तस्वीर’, आकार देणं. तालीम म्हणजे शिकवणं. आखाड्यात ती नंतर गेली. अक्षरं जुळवून दाखवली तेव्हा ज्यांना मी नऊ आठवडे ‘कोरे’ समजत होते त्यांच्याकडे अरबीची ही एवढी शिदोरी निघाली. लगेच सावधही केलं: अरबीत ‘गरीब’ म्हणजे विचित्र किंवा परका, ‘तक्रार’ म्हणजे पुनरावृत्ती, आणि ‘मिहना’ म्हणजे संकट. आपली मेहनत त्यातूनच आली.

कोपऱ्यातून आवाज आला, “मॅडम, तजवीद?”

मी खडू त्यांच्याकडे दिला. हाफिजसाहेब उठले, फळ्यावर शब्द लिहिला, साच्याची अक्षरं खोडली. खाली उरलं ज-व-द. मी विचारलं, “या धातूचा दुसरा कुठला शब्द आठवतो?” ते विचार करत राहिले. मी त्यांचीच वही उघडून दाखवली. प्रत्येक गृहपाठाखाली मी लाल शाईने लिहीत आले होते: ‘जय्यिद’, म्हणजे चांगलं. तजवीद म्हणजे चांगलं करणं. ते बराच वेळ वहीकडे पाहत होते. मग म्हणाले, “इतकी वर्षं शिकवतोय.” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

त्यानंतर त्यांचा उपयोग कसा करायचा हे मला उमगलं. कुठलाही धातू आला की मी त्यांच्याकडे वळायची आणि ते पाठ असलेल्या मजकुरातून त्याची चार-पाच रूपं काढून द्यायचे, सूरेसकट. कतबा, कुतिबा, किताब, कातिब. रूपं त्यांची, नावं ‘ब’ गटाची: हे कर्मणी, हे कर्तृवाचक. ज्या ‘कुतिबा’ने त्यांना नवव्या आठवड्यात अडवलं होतं, तोच कर्मणी प्रयोगाच्या धड्याचं पहिलं उदाहरण झाला.

निष्पत्ती

शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना आठ ओळींची बातमी दिली, चिन्हांशिवाय, कोश वापरायला मुभा. हाफिजसाहेबांनी ती पाऊण तासात सोडवली, एक कर्मणी रूप चुकलं. काफिलेवाल्या ताईंनाही जमली. ‘ब’मधल्या दोघांना मात्र एकत्र तासिकांचा जाच झाला. जोडीदाराच्या सुंदर वाचनापुढे तोंड उघडायचीच त्यांना लाज वाटे, आणि त्यांचं बोलणं शेवटपर्यंत कच्चं राहिलं. हे माझ्या ध्यानात उशिरा आलं.

‘अ’मधली एक तरुणी बाराव्या आठवड्यात सोडून गेली. जाताना म्हणाली, तिला अर्थ-व्याकरण नकोच होतं, किराअत, म्हणजे कुराणाचं पठण, सुधारायची होती. तिला पहिल्या दिवशी कोणी विचारलं नव्हतं.

परिचारिका अभ्यासक्रम संपायच्या आधीच नोकरीवर रुजू झाली. तिचा निरोप आला: रुग्ण ‘कैफा हालुक’ म्हणत नाहीत, ‘शलोनक’ म्हणतात, पहिले पंधरा दिवस काही कळलं नाही. फॉर्म आणि औषधांच्या चिठ्ठ्या मात्र वाचता येतात, आणि त्यावर कुठेच जेर-जबर नसतात.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यांत मोठी चूक चाचणीची, पण तिच्याबद्दल मला फार अपराधी वाटत नाही. तशी चाचणी सर्रास घेतली जाते. बोचतं ते तिसऱ्या आठवड्यातलं. कोऱ्या जागा आणि बिनचूक उतारे एकाच वहीत शेजारीशेजारी होते. तेव्हाच एक बिनचिन्हांचं वाक्य पुढे सरकवलं असतं तर सहा आठवडे वाचले असते. ‘वेळ मिळत नसेल’ हे उत्तर मला सोयीचं होतं, म्हणून मी ते मानलं.

दुसरं, जाहीर करणं. हाफिजसाहेब दोन तास आले नव्हते, तेव्हा मी त्यांना फोन करायला हवा होता. त्याऐवजी मी नवी व्यवस्था भर वर्गात सांगितली आणि त्यांना ती इतरांकडून कळली. ते परत आले यात माझं काही कौतुक नाही. पुढे एकदा तेच म्हणाले, की अरबी व्याकरणाचा पाया घालणारा सीबवैह स्वतः फारसी होता, अरब नव्हता, हे मी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. ते आठवलं म्हणून आलो.

जोड्याही मी आता पहिल्याच महिन्यात लावत नाही. ‘ब’मधल्या त्या दोघांसारख्यांना आधी आपापसात चुकू द्यावं लागतं.

आता पहिल्या दिवशी मी माणशी वीस मिनिटं घेते. पाच ओळी चिन्हांसकट मोठ्याने. मग तशाच सोप्या, पण न ओळखीच्या पाच ओळी चिन्हांशिवाय, अर्थासकट. मग दोन वाक्यं नुसती ऐकायची. शेवटी प्रश्न: ही भाषा कोणाशी बोलायची आहे की काय वाचायचं आहे? चारही उत्तरं मी प्रवेशअर्जावरच्या पातळीच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिते. कार्यालयातून अर्ज दर वेळी परत येतो, ‘पातळी एकच लिहावी’ अशा शेऱ्यासह.